झपाटलेल्या घराची दीर्घकथा वाचताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आषाढ संपत आला की नारायण पेठेत आमच्या वाचनाच्या बैठका सुरू होतात. पहिली बैठक दिव्यांच्या अवसेला. पाटावर घासूनपुसून ठेवलेल्या समया, निरांजनं आणि एक जुना कंदील असतो, कणकेचे गोड दिवे उकडून झालेले असतात, बाहेर पाऊस लागलेला असतो. आम्ही बारा-पंधरा जण माजघरात सतरंजीवर बसतो आणि झपाटलेल्या घराची एखादी दीर्घकथा मोठ्यानं वाचतो. बैठक एका मैत्रिणीच्या वाड्यात होते. पेठेतल्या ज्या थोड्या वाड्यांचा कडीपाट अजून शाबूत आहे, त्यांपैकी हा एक.

नव्यानं येणारे दरवर्षी साधारण तेच प्रश्न विचारतात. यंदा उत्तरं लिहून ठेवते आहे. घरी एकट्यानं वाचणाऱ्यांनाही ती उपयोगी पडतील.

दीर्घकथा म्हणजे नक्की केवढी?

कथेहून मोठी आणि कादंबरीहून लहान, हे सगळ्यांनाच माहीत असतं. झपाटलेल्या घराला नेमकी हीच लांबी का मानवते, ते जास्त महत्त्वाचं.

लघुकथेत एका दचक्यापुरती जागा असते. दार वाजलं, उघडलं, कुणी नव्हतं, आणि गोष्ट संपली. कादंबरीला घराबाहेर पडावंच लागतं. नायक कचेरीत जातो, कुणाचं तरी लग्न निघतं, गावातली चार माणसं येतात, आणि एवढ्या वर्दळीत घराची पकड सुटते. दीर्घकथेला एका घरात एक अख्खा ऋतू काढता येतो. वाचणारा त्या घरात राहायला जातो, त्याला जिना कुठे वळतो ते कळतं, कुठलं दार घट्ट बसतं ते कळतं. भीती त्या ओळखीतून येते.

मराठी वाचकाला ही लांबी नवी नाही. १९०९ साली ‘मनोरंजन’नं दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी अंक ही आपल्याकडची एका दुपारीत वाचून होणाऱ्या मोठ्या कथेची हक्काची जागा झाली. फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडा ठेवून ज्यांनी अशी कथा संपवली आहे, त्यांना मी काय म्हणते ते लगेच समजेल.

एका बैठकीत संपवायची का?

जमलं तर हो. नाहीच जमलं तर तीन बैठका, त्याहून जास्त नाही. चाळीस-पंचेचाळीस हजार शब्द मोठ्यानं वाचायला साधारण पाच तास लागतात. मनात वाचली तर त्याच्या निम्म्या वेळात होते, पण मोठ्यानं वाचण्याबद्दल पुढे सांगते.

दहा-पंधरा पानं झाली तरी काहीच घडत नाही. ही पानं चाळून पुढे जाऊ का?

नको. कळकळीनं सांगते, नको. या सगळ्या पानाचं कारण हाच प्रश्न आहे.

झपाटलेल्या घराच्या कथेत पहिली पानं घर दाखवण्यात जातात आणि बहुतेक वाचक तिथेच घाई करतात, कारण त्यांना भूत हवं असतं. पण चांगल्या लेखकानं भुताचं जवळजवळ सगळं काम त्या पानांत करून ठेवलेलं असतं. कुठली खिडकी कुठे उघडते, कुठल्या खोलीत कुणी झोपत नाही, कुठल्या जिन्यावर उजेड पोचत नाही. हे वाचलं नाही तर पुढे भूत उभं राहतं तेव्हा ते हवेत उभं राहतं.

हेन्री जेम्सची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ ही १८९८ ची दीर्घकथा घ्या. ‘कॉलियर्स वीकली’ या अमेरिकी साप्ताहिकात ती क्रमशः छापली गेली. आमच्याकडे ती आजवर तीनदा वाचून झाली. एसेक्समधल्या ‘ब्लाय’ नावाच्या मोठ्या घरात दोन पोरक्या मुलांना सांभाळायला एक तरुण शिक्षिका येते. तिचं नाव शेवटपर्यंत कळत नाही. तिला घरात जी माणसं दिसतात, ती कुठे दिसतात याची नुसती यादी करा. पहिला पुरुष बुरुजाच्या माथ्यावर. पुन्हा तोच, जेवणघराच्या खिडकीबाहेर. बाई तळ्याच्या पलीकडच्या काठावर. मग पुरुष जिन्याच्या वळणावर, आणि त्यानंतर बाई त्याच जिन्याच्या खालच्या पायरीवर, पाठमोरी, डोकं हातांत धरून.

बुरूज, खिडकी, काठ, जिना. आतबाहेरच्या सीमेवरच्या या सगळ्या जागा, म्हणजे आपला उंबरठाच. उंबरठ्यावर बसू नकोस, उंबरठ्यावर शिंकू नकोस, उंबरठ्यावरून देणंघेणं करू नकोस, हे ऐकत जो मोठा झाला त्याला जेम्स काय करतोय ते वेगळं शिकवावं लागत नाही. फक्त पानं न गाळता वाचावी लागतात.

घराचा नकाशा काढायचा असं बैठकीत सांगतात. तो कसा काढायचा?

चित्रकला यावी लागत नाही. चौकटीच्या वहीचं एक पान घ्या. पहिली बैठक होईपर्यंत ज्या ज्या खोलीचा उल्लेख येईल ती चौकोन काढून मांडा, दारं फुलीनं दाखवा आणि जिथे कथा मुद्दाम काही सांगत नाही ती जागा कोरी ठेवा. कोऱ्या जागेवर लक्ष ठेवा.

मला ही सवय का लागली ते सांगते. माझं माहेर शनिवार पेठेत. दोन चौकांचा वाडा, सहा बिऱ्हाडं, मागे परसात आड. आमच्या देवघराची उत्तरेची भिंत इतर भिंतींपेक्षा दीड हात जाड होती. लहानपणी मी ती बोटांच्या पेरांनी वाजवून बघायचे. सगळीकडे ठक्क आवाज यायचा आणि कोनाड्याच्या खाली एका जागी ढब्ब. आजीला विचारलं की ती म्हणायची, “बळद आहे गं, धान्याचं. लिंपून टाकलंय.” एवढंच. भिंत वाजवलेली तिला आवडायची नाही.

वाडा पाडायचं ठरलं तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. आजी जाऊन बारा वर्षं झाली होती. गवंड्यानं पहार घातली, चुन्याचा पोपडा पडला, मागच्या विटा सुटल्या आणि आत खरंच बळद निघालं. धान्य नव्हतं. तळाशी भुशात एक चिमणाळं होतं, पाळण्याला टांगतात ते. चार लाकडी पोपट, लाखेचा हिरवा रंग जागोजाग शिल्लक, मधल्या कडीला लोकरीचा गोंडा. आत्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, “दादाच्या आधीच्याचं असेल ते.”

दादा म्हणजे माझे वडील. त्यांच्या आधी कुणी होतं, हे मला त्या दिवशी कळलं. आत्यालाही त्याचं नाव माहीत नव्हतं. आमच्या घरात कधी कुणाला काही दिसलं नाही, कुठला आवाज आला नाही. पण ते घर झपाटलेलं होतं असं मी आता म्हणते. अख्खं बालपण मी ज्या भिंतीला पाठ टेकून परवचा म्हटली, तिच्या आत एक मूल लिंपून ठेवलेलं होतं आणि एकटी आजी ते धरून बसली होती.

म्हणून नकाशा. कथेतल्या घराची कुठली भिंत जास्त जाड आहे, ते तुम्हाला लेखकाआधी कळलं पाहिजे.

इंग्रजी कथेतलं घर डोळ्यांसमोर उभंच राहत नाही. फायरप्लेस, लांब कॉरिडॉर, आम्हाला परकं वाटतं.

वाटणारच. तिकडची झपाटलेली घरं रिकामी असतात. माणसं तीन, खोल्या तीस. एकटेपणानं घाबरवणारी ती घरं आहेत. आपला वाडा कधी रिकामा नव्हता. ओसरीवर आजोबा, माजघरात बायका, माडीवर विद्यार्थी, चौकात नळावर भांडणं, आणि बाळंतिणीच्या खोलीत कायम कुणीतरी. त्यामुळे आपल्याकडची भीती वेगळ्या बाजूनं येते. जेवायला किती पानं मांडायची ते मोजताना एक पान जास्त येतं, ती आपली भीती. आपलं भूत परकं नसतं, नात्यातलं असतं.

एक उदाहरण सगळ्यांनी बघितलेलं आहे. दहाव्याला घाटावर पिंड मांडला आणि कावळा शिवेना. सगळे ताटकळतात. मग कुणीतरी पुढे होऊन हात जोडून म्हणतं, “मुलीच्या लग्नाची काळजी करू नका, आम्ही करू.” कावळा येतो. गेलेल्याचं काय राहून गेलं होतं, ते त्या अर्ध्या तासात घरच्यांना एकमेकांसमोर मोठ्यानं बोलावं लागतं. झपाटलेल्या घराची अख्खी कथा हीच तर असते. कुणाचं तरी काहीतरी राहून गेलंय आणि घरचे ते बोलत नाहीत.

आपल्या भुतांची नावंही तेच सांगतात. मुंज झाली पण संसार न करताच गेला, तो मुंजा. बाळंतपणात गेली ती हडळ. गाडलेल्या धनावरचा जीव सुटला नाही तो समंध. प्रत्येक नावात एक अर्धवट राहिलेलं आयुष्य आहे.

तेव्हा परक्या घरात शिरताना हीच किल्ली न्या. ब्लायच्या कॉरिडॉरमध्ये तुम्हाला दिशा कळणार नाही. पण दोन पोरकी मुलं, त्यांचा लंडनमध्ये राहणारा काका, आणि त्या काकाची शिक्षिकेला घातलेली एकच अट, की मुलांबद्दल काहीही झालं तरी मला कळवायचं नाही. हे घर आपल्याला ओळखू येतं.

शनिवारवाड्यातली हाक खरी आहे का?

खून खरा आहे. ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपदातले गणपतीचे दिवस. थकलेल्या पगारासाठी चाल करून आलेल्या गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना वाड्यातच मारलं. ते अवघे अठरा वर्षांचे होते. रघुनाथराव हे त्यांचे सख्खे काका, आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी त्यांना दोषी धरलं. पत्रातल्या ‘ध’चा ‘मा’ झाला ही परंपरेनं सांगितली जाणारी गोष्ट. ‘काका, मला वाचवा’ ही हाकही तशीच, तोंडोतोंडी आलेली.

मी स्वतः ती हाक कधी ऐकलेली नाही आणि ऐकायला रात्री तिथे जाऊही नये. पण वाचक म्हणून मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. १८२८ च्या आगीत आतला वाडा जळाला. ज्या दालनांमधून तो मुलगा धावला ती दालनं उरलेली नाहीत. आज आत गेलात तर जोती दिसतात, कारंज्याची जागा दिसते, हिरवळ दिसते. घर गेलं आणि हाक राहिली. पुणेकरांनी अडीचशे वर्षं ती जपली, कारण मदत ज्याच्याकडे मागितली त्यानंच दगा दिला, हे शहराला पचलेलं नाही.

बाहुलीच्या हौदाचंही असंच. डॉ. विश्राम रामजी घोले यांची मुलगी काशीबाई, लाडानं बाहुली. मुलीला शिकवतात म्हणून चिडलेल्यांनी तिला काच कुटून घातलेला लाडू खायला दिला, अशी हकीकत पेठांत सांगतात. तिच्या आठवणीसाठी वडिलांनी सगळ्यांना खुला असा हौद बांधला. तिथे भूत आहे असं कुणी म्हणत नाही. पण एका मुलीला शहरानं विसरू नये, यासाठी दगडात केलेली ती सोय आहे. झपाटलेल्या घरांच्या कथा मनात असताना तो हौद एकदा बघून या.

भूत खरं मानायचं की सांगणाऱ्याचा भास?

‘टर्न ऑफ द स्क्रू’बद्दल हा वाद अनेक दशकं चालू आहे. १९३४ साली एडमंड विल्सन या अमेरिकी समीक्षकानं जोरात मांडलं की भुतं शिक्षिकेच्या मनातली आहेत. त्यानंतर वाचकांचे दोन तट पडले. आमच्या बैठकीतही पडतात, आणि दरवर्षी कुणीतरी एकमेकांशी आठवडाभर बोलत नाही.

माझं मत असं की शेवटचं पान येईपर्यंत निकाल लावू नका. ‘ती वेडी आहे’ असं ठरवलंत की मुलांकडे बघायचं तुम्ही सोडून देता. ‘भुतं आहेत’ असं ठरवलंत की तिच्याकडे बघायचं सोडून देता. दोन्ही बाजूंनी नुकसान वाचकाचं. एक वही जवळ ठेवा आणि जिथे दुसऱ्या कुणी तेच पाहिल्याचा पुरावा मिळतो, तिथे खूण करा. पानं कमी भरतील, पण प्रत्येक खुणेवर थांबावंसं वाटेल.

असल्या वाचनानं अंधश्रद्धा वाढत नाही का?

पुण्यात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. आमच्यातले निम्मे लोक बैठकीला ओंकारेश्वराजवळच्या पुलावरून येतात. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला गेलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना त्याच पुलावर गोळ्या घातल्या. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटत होते, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या मृत्यूनंतर आला. आधी अध्यादेश आणि वर्ष संपायच्या आत कायदा. बैठक ऑगस्टमध्ये असते तेव्हा जाता-येता तिथे दोन मिनिटं थांबणारे आमच्यात आहेत.

माझं उत्तर असं. भुताची भीती घालून पैसे, अंगारा, बळी मागणारा माणूस तुम्हाला प्रश्न विचारू देत नाही. चांगली भयकथा शंभर पानं तुम्हाला प्रश्नच विचारायला लावते. कुणी पाहिलं? कधी? उजेड किती होता? सांगणाऱ्याला काय हवंय? ही सवय ज्याला लागली, त्याला फसवणं अवघड होतं. आमच्या बैठकीत भूतबाधा, उतारा, ‘बाहेरचं’ असल्या गोष्टींवर खरा सल्ला कुणीही देत नाही आणि मागितला तर आम्ही डॉक्टरांचं नाव सुचवतो. हा नियम आहे.

मराठीत काय वाचावं?

नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) ही दोन नावं आधी. धारप आपल्या पुण्याचेच. त्यांच्या काही पुस्तकांचा सांगाडा परदेशी आहे, पण त्यात त्यांनी मराठी घर, मराठी माणसं आणि मराठी बोलणं असं भरलं की पोरवयात वाचणाऱ्याला ते शेजारच्या आळीतलं वाटायचं. मतकरींची गूढकथा वेगळी. तिथे घर स्वच्छ असतं, दिवा चालू असतो, आणि माणूस बिघडलेला असतो. दोघांना एका चौकटीत बसवू नका.

रवींद्रनाथ ठाकुरांची ‘क्षुधित पाषाण’ लांबीनं लहान आहे, पण तिला आम्ही सवलत देतो. सतरा वर्षांचे असताना ते अहमदाबादला भावाकडे राहिले होते. भाऊ सत्येंद्रनाथ तिथे न्यायाधीश होते आणि राहायला शाहीबागेतला महाल होता, शहाजहाननं शहजादा असताना बांधलेला. त्या दालनांतून एकट्यानं फिरलेला मुलगा पुढे १८९५ मध्ये ही कथा लिहितो. दगडालाच भूक लागलेली, ही कल्पना ज्याला सुचली तो त्या घरात किती तास एकटा बसला असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

मोठ्यानं का वाचायचं? आणि कसं?

का, याचं उत्तर कथाच देते. ब्लायची हकीकत सुरू होते तीच मुळी वाचनाच्या बैठकीनं. नाताळाच्या आदल्या रात्री एका जुन्या घरात शेकोटीभोवती माणसं जमलीत, एक जण म्हणतो माझ्याकडे एक हस्तलिखित आहे, पण ते शहरातल्या घरी कुलपात आहे. ते मागवून घेतलं जातं, सगळे वाट बघतात आणि मग तो वाचायला लागतो. पुढचं सगळं आपण त्या मंडळींबरोबर ऐकतो. शिवाय त्या काळात जेम्सचं मनगट दुखत असे. तो येरझाऱ्या घालत मजकूर सांगायचा आणि टंकलेखक उतरवून घ्यायचा. त्याची लांबलचक वाक्यं डोळ्यांनी वाचली की गुंता वाटतात, तोंडानं म्हटली की सुटतात.

कसं, तर नाटकीपणा न करता. आवाज खोल नेऊ नका, कुजबुजू नका. बाजाराची यादी वाचावी तसं सरळ वाचा, फक्त स्वल्पविरामाला मान द्या. वीस मिनिटांनी पुस्तक शेजारच्याकडे. आम्ही इंग्रजी कथा घेतो तेव्हा एक जण मूळ परिच्छेद वाचतो आणि दुसरा तो लगेच मराठीत सांगतो. तयारी करून आलात तरी चालेल, न करता आलात तर जास्त मजा. पहिल्या वर्षी मी एक परिच्छेद सांगताना ‘लँडिंग’ला शब्द शोधत अडकले. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, जिन्याचा चौथरा म्हण.” त्या एका शब्दासरशी पाठमोरी बसलेली ती बाई आमच्याच जिन्यावर आली. दोघीतिघींनी मागे वळून पाहिलं.

वाचून झाल्यावर रात्री झोप लागत नाही. काय करावं?

पहिली गोष्ट, कथा अर्धी सोडून झोपू नका. शेवट कितीही वाईट असला तरी तो माहीत असलेला बरा.

दुसरी, आवाज ओळखायला शिका. जुन्या वाड्यात रात्री लाकूड बोलतं. दिवसभर तापलेली तुळई रात्री गार पडताना आखडते आणि कट्ट असा आवाज होतो. पावसाळ्यात लाकूड फुगतं, दारं चौकटीत घट्ट बसतात आणि ओढली की किंचाळतात. माळ्यावर घुशी असतात. आणि गव्हाणी घुबड असतं. पांढरा, बदामासारखा चेहरा, उडताना पंखांचा जराही आवाज नाही, आणि मध्येच चिरका, घशातून फाडल्यासारखा ओरडा. वाड्यावाड्यांतून दिसलेल्या पांढऱ्या बायकांपैकी कितीतरी या पक्ष्याच्या नावावर मांडता येतील. तो उंदीर खातो, त्याला हुसकू नका.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर पाइपमधलं पाणी आणि लिफ्ट.

एवढं करूनही झोप नाही आली, तर उठून दिवा लावा आणि कुणाशी तरी बोला. सलग काही रात्री असं झालं, किंवा घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तर यंदा बैठकीला येऊ नका. पुढच्या वर्षी या. जागा राखून ठेवू.

मुलांना आणू का?

बारा वर्षांपुढची आणा, पण आधी ती कथा तुम्ही स्वतः वाचा. मूल मध्येच ‘पुरे’ म्हणालं तर लगेच उठायचं, कुणी हसणार नाही.

शेवट कळलाच नाही. माझं काही चुकलं का?

नाही. यातल्या पुष्कळ कथा मुद्दाम दार उघडं टाकून जातात. ब्लायच्या कथेत शेकोटीभोवतीची मंडळी सुरुवातीला आहेत, पण शेवटी लेखक त्यांच्याकडे परत येत नाही. ‘क्षुधित पाषाण’मध्ये स्टेशनवर गोष्ट सांगणारा माणूस ऐन मोक्याला गाडी आल्यामुळे गोष्ट अर्धी टाकून जातो. ऐकणारा आयुष्यभर अर्ध्या गोष्टीवर राहतो. माझी सूचना एवढीच की शेवटचं पान वाचलं की पहिलं प्रकरण पुन्हा वाचा, त्याच रात्री. नकाशावर ठेवलेली कोरी जागा तेव्हा दिसते.

पुस्तकं कुठे मिळतील?

नवी हवी असतील तर अप्पा बळवंत चौक आणि बाजीराव रस्ता. जुनी धारपांची पुस्तकं ग्रंथालयांत शोधा. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आणि पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासून चालू आहे, आणि दोन्हीकडे पुस्तकांच्या पाठीवरून बोट फिरवत शोधण्याचं सुख वेगळंच आहे. जेम्स १९१६ मध्ये वारला आणि ठाकूर १९४१ मध्ये, त्यामुळे दोघांच्या मूळ लेखनावरचा हक्क संपलेला आहे. इंटरनेटवर मुक्तपणे मिळतं. ठाकुरांचा मराठी अनुवाद घेताना मात्र अनुवादकाचा हक्क असतो, तो विकतच घ्या.

चहा कधी?

प्रकरण संपल्यावर. मध्ये नाही. दिवे मात्र गरम असतानाच खायचे, तूप घालून, वाचन सुरू व्हायच्या आधी.

शेवटचं पान झाल्यावर लगेच चर्चा करायची का?

दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. पागोळ्या ऐकायच्या. मग ज्यानं शेवटचं पान वाचलं, त्यानं पहिलं वाक्य बोलायचं.

आई म्हणते, असली पुस्तकं घरात ठेवू नयेत. परत करू का?

आईचा मान ठेवा, पण तिला विचाराही, की का नको. बहुतेक घरांत या प्रश्नाला एक जुनी हकीकत उत्तर म्हणून येते, जी तुम्ही आधी ऐकलेली नसते. ती लिहून ठेवा, तारीख घाला, आईचं नाव घाला.

माझी पुस्तकं पुढच्या खोलीतल्या कपाटात वरच्या खणात आहेत. खणाच्या कडीला ते चिमणाळं टांगलंय. एका पोपटाची चोच तुटली आहे, बाकीचे तीन धड आहेत. खिडकी उघडी असली की चौघेही फिरतात.